परागण : कोल्हापूर परिसरातील

फुलाच्या पुंकेसरातील परागकण त्याच जातीच्या फुलाच्या कुक्षीवर पोचण्याच्या क्रियेला परागण किंवा परागीभवन म्हणतात. कुक्षीवर परागकण रुजतो, त्याची नलिका बीजांडापर्यंत पोचते आणि फलन होऊन बी धरते. झाडाला जागा सोडता येत नाही, म्हणून परागाची ने-आण वारा, पाणी, कीटक, पक्षी आणि वटवाघळे करतात. बी धरण्यासाठी पराग लागतो हे रुडॉल्फ कामेरारिउस या जर्मन शास्त्रज्ञाने १६९४ मध्ये प्रयोगांनी दाखवले. या कामातला कीटकांचा वाटा क्रिस्टियान स्प्रेंगेल याने १७९३ मध्ये सविस्तर मांडला. पश्चिमेला सह्याद्रीचा घाटमाथा आणि पूर्वेला पंचगंगा-कृष्णेचा ऊसपट्टा असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात परागणाचे बहुतेक प्रकार पाहायला मिळतात.

पिकांतील परागण : जिल्ह्याचे मुख्य पीक असलेला ऊस कांड्यांपासून लावतात, त्यामुळे शेतातल्या उसाला परागणाची गरज पडत नाही. तुरा आला की उसाची वाढ थांबते, म्हणून शेतकऱ्याला तो नकोच असतो. नवे वाण काढायचे झाले, तर मात्र तुऱ्यावाचून चालत नाही. आजऱ्यालगतच्या आंबोलीत ऊस चांगला फुलतो. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या तेथील केंद्रात निवडक तुऱ्यांचा संकर करतात.

भाताचे फूल दिवसा थोडा वेळच उघडते, पराग काही मिनिटेच जिवंत राहतो आणि बहुतांशी स्वपरागण होते. आजरा घनसाळसारख्या सुवासिक भाताचे घरचे बियाणे राखता येते ते यामुळेच. भुईमुगातही मुख्यतः स्वपरागण होते. फलनानंतर आरी जमिनीत शिरते आणि शेंग मातीत पोसते. मक्याच्या तुऱ्यातला पराग वाऱ्याने कणसाच्या केसांवर पडतो. ज्या केसावर पराग पडला नाही, त्याचा दाणा भरत नाही. भोपळा, दोडका, कारले यांच्यात नर व मादी फुले वेगळी असल्याने मधमाश्या लागतातच. आजरा-चंदगड भागातल्या काजूच्या मोहोरात नर फुले पुष्कळ आणि द्विलिंगी फुले मोजकी असतात. त्याचा चिकट पराग मुख्यतः कीटकच वाहतात.

घाटमाथ्यावरील परागण : राधानगरी अभयारण्याचा २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. घाटातली कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच सामुदायिकपणे फुलते, बी टाकते आणि मरते. तिची पुढची पिढी त्या एका हंगामात फुलांवर आलेल्या मधमाश्यांच्या भरवशावर असते.

कंदीलपुष्पाच्या नळीत आतल्या बाजूला वळलेले केस असतात. वासाने ओढल्या गेलेल्या बारीक माश्या आत अडकतात. केस सुकल्यावर त्या सुटतात, तेव्हा परागपुंज त्यांच्या सोंडेला चिकटलेले असतात. या दुर्मीळ वनस्पतींचे जतन कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात केले जाते.

पानगळीनंतर फुलणाऱ्या पळस-पांगाऱ्यावर मैना, बुलबुल आणि शिंजीर येतात. सावरीवर दिवसा पक्षी, तर रात्री वटवाघळे येतात. कड्यांवरच्या रानकेळीचे परागणही वटवाघळे करतात.

उंबर : नृसिंहवाडीत पूज्य मानलेल्या औदुंबराला फूल दिसत नाही, म्हणून क्वचित भेटणाऱ्या माणसाला 'उंबराचे फूल' म्हणतात. खरे तर उंबराची शेकडो बारीक फुले फळासारख्या दिसणाऱ्या पोकळ भागाच्या आतच असतात. एका विशिष्ट जातीची चिमुकली गांधीलमाशी टोकाच्या छिद्रातून आत शिरते. शिरताना तिचे पंख गळतात. ती परागण करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या अंड्यांतून निपजलेल्या माद्या पुढे पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. या माशीवाचून उंबराला बी धरत नाही आणि उंबरावाचून माशीची वीण वाढत नाही.

मधमाश्या : आग्या, सातेरी, फुलोरी आणि पोयाची या मधमाश्या या भागात परिचित आहेत. सातेरी पेटीत पाळता येते. उघड्यावर मोहोळ बांधणारी आग्या पेटीत राहत नाही. भुदरगड तालुक्यातील पाटगाव 'मधाचे गाव' म्हणून ओळखले जाते. मध हाती दिसतो, पण आसपासच्या झाडा-पिकांना धरलेले फळ हे मधमाशीचे त्याहून मोठे देणे आहे.

जतन : बांधावरची झुडपे तोडणे, पठारांवरचे वणवे, फुलोऱ्यात केलेली कीटकनाशकांची फवारणी आणि मोहोळ जाळून मध काढणे यांनी परागवाहक घटतात. फवारणी टाळता येत नसेल, तर ती मधमाश्या परतल्यावर संध्याकाळी करावी. मोहोळाचा फक्त मधाचा भाग कापून पिलांचा भाग तसाच ठेवावा. मैलोगणती एकट्या उसाच्या पट्ट्यात मधमाशीला चारा मिळत नाही. तिथे बांधावर राखलेला एक पळस किंवा जांभूळही तिला बहराच्या दिवसांत आधार देतो, आणि शेजारच्या दोडक्याच्या वेलाला फळ धरते.