चिटोऱ्यावरची पत

वादळांत घरें पडलीं म्हणजे विटा, लांकूड व मजूर यांचा विचार प्रथम सुचतो. पडलेल्या गांवाची पत कोणी सांवरावी, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

२९ ऑगस्ट २००५ रोजीं कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेंतील मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर आदळलें. घरें गेलीं, वीज गेली, आणि पैशाचा व्यवहारहि थांबला. गल्फपोर्ट येथील हॅनकॉक बँक ही १८९९ सालची स्थानिक पेढी. तिच्या मुख्य इमारतीचीहि दुर्दशा झाली होती. तथापि सेवकवर्गानें चिखलानें माखलेल्या नोटा धुऊन त्यांस इस्त्री केली. उघड्यावर मेजें मांडलीं. आणि खातें आहे कीं नाहीं हें न पाहतां गरजूंस २०० डॉलरपर्यंत रोकड दिली. तारण म्हणून कागदाच्या चिटोऱ्यावर नांव, पत्ता व सही! अशा रीतीनें ४ कोटींहून अधिक डॉलर वांटले गेले, आणि तीन वर्षांच्या आंत ९९ टक्क्यांहून अधिक रक्कम परत आली.

मागाहून देशभरांतून स्वयंसेवक आले. त्यांनीं चिखल उपसला, भिंती उभारल्या. त्यांचें श्रेय थोरच. परंतु तोंवर घरधन्यानें तग धरावयास हवा होता. ज्याचे दस्तऐवजच वाहून गेले, त्याजकडे दस्तऐवज मागणें म्हणजे त्यास दारांतून परत धाडणें होय. त्या पेढीनें तें केलें नाहीं, आणि लोकांनींहि तिला फसविलें नाहीं.