वेलिंग्टनचा झाला विम्पी

तंजावर म्हटलं की आपल्याला व्यंकोजीराजे आठवतात, सरस्वती महाल आठवतो. आज मी तुम्हाला तिथल्या धावपट्टीवर नेणार आहे, वैमानिकांच्या एका थट्टेसाठी.

ऑक्टोबर 1942. ब्रिटिश हवाई दलाची 36 क्रमांकाची स्क्वाड्रन तंजावरला नव्याने उभी राहिली. नव्याने अशासाठी, की सिंगापूर आणि जावाच्या लढाईत ती संपली होती. 26 जानेवारीला मलायातल्या एंडाऊजवळ तिची जुनी, वरखाली दोन पंखांची संथ विमानं भरदिवसा जपानी जहाजांवर गेली. त्यातली बरीच परतली नाहीत.

तंजावरला या स्क्वाड्रनला वेलिंग्टन विमानं मिळाली. काम होतं बंगालच्या उपसागरात पाणबुड्या शोधायचं. आता हे नाव बघा. वेलिंग्टनचा ड्यूक म्हणजे 1803 साली असईला मराठ्यांना हरवणारा आर्थर वेलस्ली. त्याचा थोरला भाऊ गव्हर्नर जनरल होता. त्याच्याच काळात, 1799 च्या तहाने, सरफोजीराजांच्या हातून तंजावरचा कारभार गेला. त्या घराण्याचं नाव मिरवत विमान आलं ते मराठ्यांच्या तंजावरात!

पण वैमानिक त्याला म्हणायचे ‘विम्पी’. पॉपायच्या चित्रकथेत जे. वेलिंग्टन विम्पी नावाचा एक गुटगुटीत गृहस्थ आहे, उधारीवर हॅम्बर्गर हाणणारा. झालं, ड्यूकसाहेबांचा खादाड उधारखोर झाला.

त्या हवाई दलाची बोलीच अशी होती. इंजिन बिघडलं, तर ‘ग्रेमलिन’ नावाच्या खट्याळ भुतांनी खोडी काढली. आणि सोबती परतलाच नाही, तर ‘तो बर्टन घ्यायला गेला’. बर्टन हे इंग्लंडमधलं बिअरसाठी नावाजलेलं गाव. म्हणजे मेला असं कुणी म्हणायचंच नाही.

याला मी टवाळी म्हणणार नाही. उद्या पहाटे त्याच विमानात बसायचं असेल, तर काही शब्द तोंडाबाहेर काढून चालत नाही. आपणही ‘आटोपलं’ म्हणतो, ‘देवाघरी गेले’ म्हणतो. सरकारी दप्तरात उड्डाणांची संख्या सापडते, बेपत्ता विमानांची यादी सापडते. भीती मात्र सापडते ती या थट्टेतच.

आज तंजावरला भारतीय हवाई दलाचा तळ आहे. 20 जानेवारी 2020 ला तिथे सुखोई-30 विमानांची 222 क्रमांकाची ‘टायगरशार्क्स’ स्क्वाड्रन दाखल झाली. विमानं बदलली, देश स्वतंत्र झाला. पण जिथे जिवाची जोखीम आहे तिथली थट्टा ऐकाल, तेव्हा हसा जरूर, आणि ती कशावर पांघरूण घालते आहे तेही बघा.