गोव्याच्या बोधचिन्हातलं काटेरी चाक

पोर्तुगीज काळातल्या गोव्याच्या चिन्हात एक चाक असतं. आपल्याला पटकन सुदर्शन चक्र किंवा अशोकचक्र आठवतं, पण हे चाक छळाचं आहे. कडेला धारदार पाती, जिवंत माणसाची हाडं मोडायला केलेलं. अलेक्झांड्रियाच्या कॅथरीनला धर्म सोडत नाही म्हणून रोमन सम्राटाने या चाकाची शिक्षा फर्मावली, पण तिला बांधताच चाकच मोडून पडलं, अशी आख्यायिका. शेवटी तिचा शिरच्छेद झाला. म्हणून चित्रकार तिच्याजवळ चाक आणि तलवार दाखवतात.

इजिप्तच्या या संतिणीचं मांडवीकाठी काय काम? काम एवढंच की तिचा सण 25 नोव्हेंबरला येतो. पोर्तुगीज सेनानी आफोंसो द अल्बुकर्कने 1510 च्या फेब्रुवारीत गोवा एकदा घेतला होता, पण मे महिन्यात आदिलशहाच्या फौजेने त्याला हुसकावून लावलं. पुन्हा येऊन त्याने शहर जिंकलं तो दिवस 25 नोव्हेंबर. फेब्रुवारीतली जीत टिकली असती तर गोव्याला दुसराच कोणी पाठीराखा मिळाला असता.

अल्बुकर्कने जिथून शहरात प्रवेश केला त्या वेशीपाशी कॅथरीनचं कपेल बांधलं. 1550 मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्रालने ते वाढवलं आणि वेशीची ती आठवण शिलालेखात कोरून ठेवली. जवळचं भव्य से कॅथेड्रलही तिलाच वाहिलेलं आहे. तिथल्या सोनेरी मुख्य वेदीवर तिच्या हौतात्म्याचे प्रसंग कोरले आहेत. पुढे चाक बझारुक नावाच्या किरकोळ नाण्यांवर आलं, म्हणजे ज्याला कॅथरीन कोण हे ठाऊक नव्हतं त्याच्याही कनवटीला लागलं. 1935 मध्ये वसाहतींची चिन्हं नव्याने ठरली, तेव्हाही पोर्तुगीज भारताच्या वाट्याला हेच चाक आलं.

या चिन्हाचा खरा अर्थ मात्र जुन्या गोव्यातल्या व्हाइसरॉय कमानीवर वाचावा. एका अंगाला वास्को द गामा, दुसऱ्या अंगाला तलवार घेतलेली स्त्री, जिला कॅथरीन मानतात, आणि तिच्या पायाखाली पडलेला पुरुष. युरोपात कॅथरीनच्या पायाशी तिला मारणारा रोमन सम्राट असतो. गोव्यात त्याला आदिलशहा म्हणतात. छळ सोसणारीची निशाणी इथे जिंकणाऱ्याची झाली. गंमत म्हणजे 25 नोव्हेंबरला आदिलशहा शहरात नव्हताच. शिबंदीवर गोवा सोपवून तो आधीच निघून गेला होता.