तण खाई धन, तणाला खाई सोंडा



कणगीतल्या ज्वारीला किंवा गव्हाला सोंडे लागले की घरात चिंता पडते. सोंडेसारख्या लांब तोंडाचा हा बारीक किडा दाणा पोखरून त्याचे पीठ करतो. पण सोंडकिड्यांच्या मोठ्या गोतावळ्यात काही जाती अशाही आहेत, की त्या धान्याला तोंड लावीत नाहीत. एखादे ठराविक तणच खातात. अशाच एका किड्याने केरळातील भातखाचरे मोकळी केली, त्याची ही हकीकत.

तणाचे नाव साल्व्हिनिया. नेच्याच्या जातीची ही वनस्पती पाण्यावर तरंगते. शोभेसाठी आणि अभ्यासासाठी लोकांनी ती देशोदेशी नेली. श्रीलंकेत ती १९३९ साली पोहोचली. केरळात १९५५ साली तिरुवनंतपुरमजवळच्या वेली तलावात दिसली. केरळी लोक तिला ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात. पायल म्हणजे त्यांच्या भाषेत शेवाळ. तिला बी धरत नाही, पण तुकडा तुटला की त्याचे नवे रोप होते. हवापाणी मानवले तर आठवड्याच्या आत ती दुप्पट होते. कालवे भरले, होड्या अडल्या, मासेमारी बसली. भाताच्या लावणीपूर्वी खाचरातून हे तण काढायला हेक्टरी २३५ रुपये मजुरी पडे. आणि काढले तरी कालव्याच्या पाण्याबरोबर ते पुन्हा हजर!

मग शास्त्रज्ञांनी विचार केला, की या तणाच्या मायदेशी त्याला खाणारे कोणी तरी असेलच. पण गंमत अशी, की मायदेश कोणता हेच चुकले होते. तणाला दक्षिण अमेरिकेतील दुसऱ्याच एका साल्व्हिनियाचे नाव लागले होते. त्या दुसऱ्या जातीवरचे किडे त्रिनिदाद, गयाना या भागातून गोळा करून आफ्रिकेत सोडले, पण म्हणावा तसा गुण आला नाही. केरळातही १९७४ साली एक नाकतोडा सोडला. तो जगला, पण तण हटले नाही.

१९७२ साली हे तण वेगळ्या जातीचे ठरले आणि त्याला नवे नाव मिळाले. त्याचे खरे घर मात्र १९७८ मध्ये सापडले, आग्नेय ब्राझीलमध्ये. तिथे त्याच्यावर जेमतेम २ मिलिमीटर लांबीचा काळसर सोंडकिडा होता. हा किडा तणाचे कोवळे कोंब खातो आणि त्याची अळी खोड आतून पोखरते. म्हणजे वाढही थांबते आणि रोपही कुजून बुडते. ऑस्ट्रेलियात मूनडारा तलावात जून १९८० मध्ये हे किडे सोडले. पुढच्या ऑगस्टपर्यंत तलाव जवळजवळ साफ झाला.

पापुआ न्यू गिनीतील सेपिक नदीवर मात्र आधी अडचण आली. तिथल्या तणात नत्र कमी, त्यामुळे किड्याची पैदास होईना. तेव्हा तणाच्या काही पट्ट्यांना चक्क युरिया दिला! तणाला खत घालायचे म्हणजे उलटीच रीत. पण तण सकस झाले, किडा वाढला आणि २५० चौरस किलोमीटरवरचे तण १९८५ पर्यंत सुमारे २ चौरस किलोमीटरवर आले.

आपल्या देशात हा किडा १९८२ साली ऑस्ट्रेलियातून बंगळूरला आला. तो पिकांवर जगत नाही ना, याची आधी बंदिस्त जागेत परीक्षा झाली. मग बंगळूरच्या एका कमळाच्या तळ्यात सोडला. ११ महिन्यांत तण गेले आणि दबलेली कमळे पुन्हा वर आली. १९८३-८४ पासून केरळात सोडणे सुरू झाले. तीनेक वर्षांत बंद पडलेले कालवे होड्यांना खुले झाले. १९८८ च्या हिशेबाप्रमाणे नुसत्या मजुरीतच वर्षाला सुमारे ६८ लाख रुपये वाचू लागले.

आता तुम्ही म्हणाल, मग आमच्या जलपर्णीवर हाच किडा सोडू या. तसे नाही. जलपर्णीचे सोंडकिडे वेगळे. त्यांच्या दोन जाती १९८२-८३ मध्ये बंगळूरला आणल्या गेल्या. शिवाय गावाचे सांडपाणी मिळत राहिले तर जलपर्णी इतक्या जोराने वाढते, की किड्यांना ती खाऊन पुरी होत नाही.

म्हणून एवढे लक्षात ठेवा:

१. तणाची ओळख आधी, उपाय नंतर. ओळख चुकली म्हणून शास्त्रज्ञांचीही वर्षे वाया गेली.

२. किडे स्वतः कोठून तरी आणून सोडू नका. कृषी विद्यापीठाला किंवा कृषी अधिकाऱ्यांना विचारा.

३. किडे सोडलेल्या तळ्यात सगळे तण एकदम काढू नका, फवारूही नका. अन्न संपले की किडाही संपतो.

४. घाई करू नका. औषध दिवसांत दिसते, किडा महिन्यांत. पण तो टिकला, तर दरसाल मजुरी मागत नाही.