वाळवंटातला मलिदा

आज आपण इस्रायलला जाणार आहोत. जेरुसलेम, तेल अवीव सोडून थेट खाली दक्षिणेला, नेगेवच्या वाळवंटात. गावाचं नाव डिमोना. बातम्यांमध्ये हे नाव येतं ते तिथल्या अणुभट्टीमुळे. पण याच गावात तुम्हाला मराठी ऐकू येऊ शकतं, आणि दुकानात पोहे मिळतात!

हे लोक म्हणजे आपले बेने इस्रायली. कोकणातले ज्यू. त्यांची परंपरा सांगते की, फार पूर्वी अलिबागजवळ नौगावला त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, वाचलेले तिथेच राहिले. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून नाव पडलं 'शनवार तेली'. आडनावं बघा: रोहेकर, पेणकर, नवगावकर. एकदम आपली.

1948 साली इस्रायल झालं आणि हळूहळू बरेच जण तिकडे निघाले. डिमोना वसलं 1955 मध्ये. आता विचार करा, ज्यांच्या दारात समुद्र आणि परसात नारळ, ते लोक राहायला आले वाळवंटात. नारळाची वाडी तिथे कुठून आणणार? आजच्यासारखं ॲपवर मागवायची सोयही नव्हती.

त्यात मोठा धक्का पुढे होता. 1962 साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने सांगितलं की, बेने इस्रायलींची लग्नं इतर ज्यूंशी लावायची तर आधी त्यांची वंशावळ तपासा. म्हणजे ज्या देशाला 'आपला' म्हणून आले, तोच विचारतोय, तुम्ही नक्की ज्यू ना? लोक रस्त्यावर उतरले. शेवटी 1964 मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं आणि तो आदेश मागे घ्यावा लागला.

या सगळ्या काळात घरात काय टिकलं? मलिदा. आपल्याकडे 'मलिदा खाल्ला' म्हटलं की टेंडरची बातमी आठवते. यांचा मलिदा वेगळा. भिजवलेले पोहे, खवलेलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, सुकामेवा, बाजूला फळं. लग्न असो, नवं घर असो की फेडायचा नवस, ताट मांडायचं आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांचं नाव घ्यायचं. नवीन वर्षाला चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधातला. कारण ज्यू नियमानुसार मटणाबरोबर गाईम्हशीचं दूध चालत नाही. कोकणाने त्यांना त्यावरचा उपाय आधीच देऊन ठेवला होता.

मला वाटतं, हे ताट म्हणजे नुसती गावची आठवण नव्हती. प्रेषित ज्यूंचा, पोहे कोकणातले, आणि दोन्ही एकाच ताटात. 'तुम्ही नक्की कोण?' याचं उत्तर कागदावर मिळायला 1964 उजाडलं, ताटात ते आधीपासूनच होतं.

आज डिमोनात भारतीय किराणा मिळतो, पाणीपुरी मिळते, क्रिकेटही खेळतात. इस्रायलमधून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघालं.

तुमच्या घरातलं कुणी लांब परदेशात असेल, तर आज एक फोन करा. जाताना बॅगेत काय नेलं होतं, ते विचारा. आणि आम्हालाही नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!