तापल्या भुईतली सहा रोपे

आज चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे आहेत. 1982 पूर्वी तो सारा मुलूख एकच होता. पूर्वेकडे जंगल आणि धान, तर आमच्या वरोऱ्याकडे काळे रान आणि ज्वारी. मी शाळेत असताना एका वर्षी मृगाच्या पहिल्या सरीवर बाबांनी तिफण चालवली आणि मग पाऊस रुसला. भुई तव्यासारखी तापली. कोंब वर येता येताच करपले. धुऱ्याजवळच्या एका तासात मात्र सहा रोपे हिरवीगार उभी होती.

“बाबा, हीच कशी राहिली?” मी विचारले.

“सहा रोपांनं कणगी भरते काय, बापू?” असे म्हणून त्यांनी वखर फिरवला. दुबार पेरणीचे बियाणे आईच्या पाटल्या मोडून आले.

माझ्या प्रश्नाचे उत्तर पुढे वाचनात सापडले. हैदराबादजवळ पटंचेरू येथे 1972 साली ‘इक्रिसॅट’ ही संस्था स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञांनी ज्वारीची मोठी साधी परीक्षा घेतली. काही वाफ्यांवर लोणारी कोळशाची भुकटी पसरली, काहींवर पांढरी चिनी माती. काळी भुकटी ऊन शोषते, म्हणून खालची माती अधिक तापते. पांढरी ते परतवते. दोन्हीकडे तीच वाणे पेरायची आणि कोणाची किती रोपे वर येतात ती मोजायची. काही वाणे कोळशाखालूनही डोके वर काढतात.

यामागचे मर्म एका माशीपासून उलगडू लागले. 1962 साली फेरुच्चो रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाने फळमाशीच्या पेशींवरील उष्णतेचा परिणाम नोंदवला. चटका बसताच पेशी स्वतःला सावरणारी खास प्रथिने बनवतात, हे पुढे कळले. ज्वारीचा कोंबही तेच करतो. आधी सौम्य ताप सोसलेले रोप नंतरचा कडक ताप बरा झेलते.

आमच्या सहा रोपांत हा गुण होता, की तेथे ओल जरा अधिक होती? त्यांचे बी राखून पुन्हा पेरले असते, तरच समजले असते. नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 साली ‘पटेल 3’ धानातील निराळ्या लोंब्या अशाच राखल्या, वर्षानुवर्षे पेरल्या, आणि त्यातून ‘एचएमटी’ तांदूळ आला. तेथे प्रश्न उन्हाचा नव्हता. पण वेगळे दिसले ते जपण्याची नजर होती.

बाबांना दोष कसा देऊ? घरात खाणारी सात तोंडे होती. तरी दिवाळीच्या सुमारास रानात ज्वारीची भरली कणसे पाहिली, की मला ते धुऱ्याजवळचे तास आठवते.