सतराव्या शतकातले वऱ्हाड : सुभा, चौथाई आणि रयत

भातकुली हे पूर्णेच्या खोऱ्यातले गाव. त्याच्या उत्तरेला एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर, दक्षिणेला कारंजा आणि पश्चिमेला बाळापूर. सतराव्या शतकात वऱ्हाडातल्या घडामोडींचा भार या तीन ठिकाणांवर होता. एलिचपूर हे सुभ्याचे ठाणे, बाळापूर लष्कराच्या मुक्कामाचे आणि कारंजा सावकारांचे. मधल्या गावांच्या वाट्याला आली ती वसुली.

अहमदनगरच्या निजामशाहीतल्या चांदबिबीने 1596 च्या तहात वऱ्हाड मोगलांना दिले आणि शाहजादा मुराद याने बाळापूरजवळ शहापूर वसवले. अकबराच्या दप्तरात वऱ्हाडच्या सुभ्याचे 16 सरकार, म्हणजे जिल्हे, नोंदले गेले. कागदावर अंमल बसला, पण जमिनीवर तो टिकेना. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने पुढची पंचवीस वर्षे मोगलांना स्वस्थ बसू दिले नाही. 1620 मध्ये त्याच्या फौजांनी मोगलांना मेहकराहून बाळापुराकडे आणि तिथून थेट बुऱ्हाणपूरपर्यंत मागे रेटले. अंबर 1626 मध्ये वारला. त्यानंतर 1630 ते 1632 चा भीषण दुष्काळ दख्खन, खानदेश आणि गुजरातवर कोसळला. निजामशाही संपल्यावर 1636 मध्ये दख्खनचे चार सुभे औरंगजेबाच्या हाती आले. त्यांत वऱ्हाडची राजधानी एलिचपूर आणि मुख्य किल्ला गाविलगड होता.

वऱ्हाडचा मराठी राज्याशी थेट संबंध आला तो जहागिरीच्या वादातून. आग्र्याहून सुटकेनंतर शिवाजी महाराजांचा मोगलांशी काही काळ सलोखा झाला. संभाजीराजांना पंचहजारी मनसब आणि तिच्या खर्चासाठी वऱ्हाडात जहागीर मिळाली. मग आग्र्याच्या प्रवासासाठी दिलेले एक लाख रुपये वसूल करायचे म्हणून औरंगजेबाने याच जहागिरीचा काही भाग जप्त केला. तह मोडण्याच्या कारणांत हे एक ठळक कारण होते. डिसेंबर 1670 मध्ये महाराजांच्या फौजेने कारंजा लुटले. सोने, रुपे आणि उंची कापड चार हजार बैल व गाढवांवर लादून नेले, त्याची किंमत एक कोट रुपये होती, असे सांगितले जाते. शहरातला सर्वांत मोठा सावकार बायकी वेषात निसटला. मात्र वऱ्हाडच्या पुढल्या इतिहासाला लुटीपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची ठरली. याच मोहिमेत महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजर यांनी वाटेवरच्या गावांकडून चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, देण्याचे लेखी करार करून घेतले. मोगली मुलखात दुसऱ्या राज्याची वसुली सुरू झाली ती अशी.

कारंजा मोडले नाही. तिथे सेनगण आणि बलात्कारगण या दिगंबर जैन भट्टारकांच्या गाद्या होत्या आणि बघेरवाल व्यापाऱ्यांचा त्यांना आधार होता. शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या शीलविजय या श्वेतांबर यात्रेकरूने तिथली धनवान वस्ती, देदीप्यमान मंदिरे आणि तिथले व्यापारी भोज संघवी यांचे औदार्य वर्णिले आहे. परपंथाच्या साधूने केलेली ही प्रशंसा मोलाची आहे. भातकुलीचे आदिनाथाचे क्षेत्रही वऱ्हाडच्या याच दिगंबर परंपरेतले.

2 एप्रिल 1679 रोजी औरंगजेबाने बिगर-मुसलमानांवरचा जिझिया कर पुन्हा लादला. हिंदू आणि जैन दोघांवरही तो होता. धर्म आणि कर यांची अशी गाठ त्याच शतकात इंग्लंडमध्येही पडली होती. पहिल्या चार्ल्सने पार्लमेंटला न विचारता कर घेतले, 1637 मध्ये स्कॉटलंडवर आपली प्रार्थनापद्धती लादली, 1642 मध्ये यादवी पेटली आणि 1649 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. तिकडे कर देणाऱ्यांपैकी निदान मालमत्तावाल्यांना सभागृहात बोलता येत होते. वऱ्हाडच्या कुणब्याला तसा दरवाजा नव्हता. त्याच्या आणि दरबाराच्या मध्ये देशमुख-देशपांडे होते, आणि सरकार कोणतेही आले तरी वतन टिकवणे ही त्यांची पहिली काळजी होती. त्यांना केवळ दोषी धरणे अन्यायाचे होईल, कारण राज्ये बदलत असताना गावांचा हिशेब चालू राहिला तो त्यांच्यामुळेच. पण रयतेची बाजू मांडणारे मात्र त्यांतून उभे राहिले नाहीत.

दुष्काळ आणि लढाईमुळे 1704 मध्ये दख्खनेत जिझिया थांबवावा लागला. आदल्याच वर्षी मराठा सरदार नेमाजी शिंद्यांनी वऱ्हाडचा मोगल अधिकारी रुस्तमखान याला हरवून कैद केले होते. मराठ्यांच्या बाजूने परसोजी भोसल्यांकडे वऱ्हाडचा अधिकार आला. 1719 च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांना दिली. 1724 मध्ये शकरखेर्ड्याच्या लढाईत मोगल सुभेदार मुबारिजखान पडला आणि वऱ्हाड हैदराबादच्या निजामाकडे गेले. भोसल्यांची वसुली तरीही थांबली नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याने त्यानंतर 1803 पर्यंत दोन सरकारांना सारा भरला.